केसपेपरवरचा व्यायाम घाटावर यावा

सरकारी रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात मधुमेह किंवा रक्तदाबाच्या रुग्णाचा केसपेपर बहुतेक वेळा एकाच तऱ्हेने संपतो. गोळ्यांची नावे, ‘मीठ-साखर कमी’, ‘एक महिन्याने दाखवणे’ आणि सगळ्यात खाली दोन शब्द : ‘नियमित व्यायाम’. गोळी कोणती, दिवसातून किती वेळा, जेवणाआधी की नंतर, हे नीट सांगितले जाते आणि ती औषधाच्या खिडकीवर मिळतेही. व्यायामाचे तसे नसते. कोणता, किती वेळ, कुठे, कोणाबरोबर, यांपैकी काहीच त्या दोन शब्दांत नसते. महिन्याने रुग्ण परत येतो. ‘व्यायाम करता का?’ असे विचारले की ‘घरचं काम काय कमी असतंय व्हय, डॉक्टर?’ असे उत्तर येते आणि केसपेपरवर तेच दोन शब्द पुन्हा लिहिले जातात.

याचा दोष रुग्णाच्या आळसावर टाकणे सोपे आहे. पण गोळी लिहून दिली आणि औषधाची खिडकी कायमची बंद ठेवली, तर गोळी न घेतल्याबद्दल रुग्णाला कोणी आळशी म्हणणार नाही. व्यायामाच्या बाबतीत सार्वजनिक आरोग्यव्यवस्था हेच करत आली आहे. सल्ला मोफत मिळतो. तो पाळण्यासाठी लागणारी जागा, ठरलेली वेळ आणि शिकवणारे माणूस यांची जबाबदारी मात्र कोणाकडेच नाही. ती ग्रामपंचायत आणि आरोग्य खात्याने मिळून घ्यायला हवी. गावातल्या मोकळ्या जागेत, ठरलेल्या वेळी, प्रशिक्षित व्यक्तीच्या देखरेखीखाली मोफत व्यायामवर्ग ही आता हौसेची गोष्ट राहिलेली नाही. ती औषधाच्या खिडकीइतकीच गरजेची आहे. नृसिंहवाडीसारख्या गावात ती सहज सुरू होऊ शकते.

गरज किती आहे, हे आकड्यांवरून कळते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार देशातील प्रौढांपैकी ११.४ टक्के लोकांना मधुमेह आणि ३५.५ टक्के लोकांना उच्च रक्तदाब आहे. मधुमेहींची संख्या १० कोटींच्या वर जाते. त्यानंतर वर्षभराने, २०२४ मध्ये, जागतिक आरोग्य संघटनेच्या संशोधकांनी शारीरिक हालचालींचा जगभराचा हिशेब मांडला. त्यात भारतातील जवळपास निम्मे प्रौढ पुरेशी हालचाल करत नसल्याचे दिसले. पुरुषांत हे प्रमाण ४२ टक्के, तर स्त्रियांत ५७ टक्के आहे. ‘पुरेशी’ म्हणजे आठवड्याला किमान १५० मिनिटे, थोडा दम लागेल पण बोलता येईल इतक्या वेगाची हालचाल. ही अपेक्षा फार मोठी नाही.

व्यायामाचा उपयोग होतो का, याबद्दल आता शंका उरलेली नाही. काम करणारा स्नायू रक्तातील साखर इन्सुलिनच्या मदतीशिवायही खेचून घेऊ शकतो. इन्सुलिनला दाद न देणाऱ्या शरीरासाठी ही मोठीच सोय आहे. रक्तदाब वाढलेल्या व्यक्तीने नियमित भरभर चालण्यासारखा व्यायाम केला, तर वरचा आकडा साधारण ५ ते ८ अंकांनी उतरतो. चेन्नईत डॉ. ए. रामचंद्रन आणि सहकाऱ्यांनी मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्या ५३१ जणांचा अभ्यास करून २००६ मध्ये निष्कर्ष मांडले. सुमारे तीन वर्षांत, नेहमीचाच सल्ला मिळालेल्या गटातील ५५ टक्के लोकांना मधुमेह झाला. आहार आणि चालण्याकडे सातत्याने लक्ष पुरवलेल्या गटात हे प्रमाण ३९ टक्क्यांवर राहिले. मेटफॉर्मिनच्या गोळीचा परिणाम जवळपास तेवढाच होता. सल्ला दोन्ही गटांना मिळाला होता. पण एका गटाचा पाठपुरावा झाला आणि फरक पडला तो त्याने.

वाडीतले कोण चालतात, कोण नाही

कृष्णा आणि पंचगंगेच्या संगमावरची नृसिंहवाडी पहाटेच जागी होते. काकडआरती, नदीवरचे स्नान, दत्तमंदिराभोवतीच्या प्रदक्षिणा. घाटाच्या पायऱ्या उतरणारी-चढणारी माणसे पाहिली की या गावाला व्यायामाची काय गरज, असे कोणालाही वाटेल. पण हे चालणारे बरेचसे बाहेरगावचे भाविक असतात. गावचा दिवस वेगळा असतो. मंदिराकडे जाणाऱ्या रस्त्यावर पेढे, बासुंदी, कवठाची बर्फी, नारळ, फुले विकणारा दुकानदार सकाळी गल्ल्यावर बसतो तो रात्रीच उठतो. गर्दीच्या दिवशी जेवणही तिथेच, बसूनच होते. पूजा सांगणाऱ्यांचे तासन्‌तास मांडी घालून जातात. आजूबाजूच्या शिरोळ तालुक्यात उसाचे मळे आहेत. पण नांगरट ट्रॅक्टरने होते, पाणी बटण दाबून चालू होते आणि बांधापर्यंत मोटारसायकल जाते. आजोबांची शेती आणि नातवाची शेती एकाच गटातली असली, तरी दोघांच्या शरीराला पडणारे कष्ट सारखे नाहीत.

बसून काम करण्याचा परिणाम काय होतो, हे वैद्यकशास्त्राला लंडनच्या बसगाड्यांनी प्रथम दाखवले. जेरी मॉरिस आणि सहकाऱ्यांनी १९५३ मध्ये दुमजली बसचे चालक आणि वाहक यांची तुलना केली. दिवसभर जिना चढउतार करणाऱ्या वाहकांमध्ये हृदयविकाराचे प्रमाण बसून गाडी हाकणाऱ्या चालकांपेक्षा कमी आढळले. गल्ल्यावर बसलेला दुकानदार हा त्या चालकाचाच भाऊबंद आहे.

घरकामाचेही तसेच. भांडी, धुणे, स्वयंपाक यात बाई दिवसभर थकते, हे खरे. पण थकणे वेगळे आणि व्यायाम वेगळा. वाकून, बसून, एकाच सांध्यावर भार देत केलेल्या कामाने कंबर-गुडघे झिजतात. हृदयाची गती पुरेसा वेळ वाढत नाही आणि मांड्यांचे स्नायूही हवे तसे बळकट होत नाहीत. म्हणून दिवसभर राबणारी पन्नाशीची बाई जमिनीवरून उठताना हाताचा आधार घेते. याला अपवाद आहे, तो ऊसतोडणी कामगारांसारख्या खऱ्या अंगमेहनतीच्या माणसांचा. त्यांना वर्गापेक्षा विश्रांती, पोटभर अन्न आणि उपचार यांची गरज अधिक आहे. व्यायामाचा आग्रह त्यांच्यापाशी धरू नये.

तालमीत वस्ताद असतो

मोफत, सार्वजनिक आणि सामूहिक व्यायाम ही कल्पना कोल्हापूर जिल्ह्याला परकी नाही. शाहू महाराजांनी कुस्तीला राजाश्रय दिला, १९१२ मध्ये खासबागेचे मैदान उभे राहिले आणि पेठापेठांतून, गावागावांतून तालमी घुमू लागल्या. शेजारच्या औंध संस्थानात भवानराव पंतप्रतिनिधींनी शाळाशाळांतून सूर्यनमस्कार रुजवले. तालीम कशावर चालत असे? तांबडी माती, मुद्गल आणि मल्लखांब लागत; पण तालीम उभी राही ती वस्तादावर. पहाटे अमुक वाजता यायचे, दांडी मारली तर जाब द्यायचा, नव्या पोराला किती जोर सोसतील हे वस्ताद ठरवणार आणि बरोबरीचे चारजण शेजारी घाम गाळत असणार. ठरलेली वेळ, जाणता शिक्षक आणि सोबत, या तीन गोष्टींवर शरीरे घडली. वस्ताद नसेल, तर आखाडा ओस पडायला वेळ लागत नाही.

तालमीची उणीव एवढीच की ती तरुण पुरुषांची होती. आज व्यायामाची सर्वाधिक गरज आहे ती पंचेचाळिशीच्या पुढच्या स्त्रीला, साठीच्या शेतकऱ्याला, साखर वाढलेल्या दुकानदाराला. त्यांच्यासाठी तालीम कधी निघालीच नाही.

त्यांच्या वाट्याला आली ती खुली व्यायामशाळा. गेल्या काही वर्षांत शहरांतल्या बागांत आणि गावांच्या मोकळ्या जागांत निळी-पिवळी लोखंडी उपकरणे बसली. त्यांचा हेतू चांगलाच होता. पण उपकरण कसे वापरायचे, कोणी वापरू नये, किती वेळ वापरायचे, हे सांगायला तिथे कोणी नसते. पहिले काही आठवडे उत्साह, मग मुलांचे झोपाळे आणि पुढे गंजलेले बेअरिंग, हा प्रवास अनेक ठिकाणी दिसतो. तरीही निधी उपकरणांकडेच वळतो, कारण उपकरणाचे उद्घाटन करता येते, त्यावर नाव रंगवता येते. शिक्षकाचे मानधन दर महिन्याला द्यावे लागते आणि त्याची फीत कापता येत नाही. मोफत वर्गाच्या वाटेतली खरी अडचण ही आहे.

बोगोटा, रेसिफे आणि दिल्ली

ही अडचण काही शहरांनी ओलांडली आहे. कोलंबियाची राजधानी बोगोटा येथे १९९५ पासून सार्वजनिक बागांत मोफत व्यायामवर्ग चालतात. शिक्षकांचा खर्च महापालिकेची यंत्रणा करते. तिथल्या संशोधकांनी वर्ग असलेल्या आणि नसलेल्या बागांची तुलना केली, तेव्हा वर्ग असलेल्या बागांत स्त्रियांची उपस्थिती आणि जोमदार हालचाल अधिक दिसली. एरवी बागेतले मैदान पुरुष आणि मुलगे व्यापतात. ठरलेल्या वर्गामुळे स्त्रियांना तिथे हक्काची जागा मिळाली. ब्राझीलमधील रेसिफे शहराने २००२ मध्ये असाच उपक्रम सुरू केला आणि तो प्राथमिक आरोग्यसेवेशी जोडला. त्याच धर्तीवर २०११ मध्ये ब्राझील सरकारने देशभरासाठी कार्यक्रम आखला. या दोन्ही देशांची गणना श्रीमंतांत होत नाही.

भारतातला दिल्लीचा अनुभव दोन्ही बाजूंनी शिकवणारा आहे. डिसेंबर २०२१ मध्ये तिथे बागांतून मोफत योगवर्ग सुरू झाले. किमान २५ जणांचा गट जमला की शिक्षक मिळत असे. जागा लोकांची, शिक्षक सरकारचा, अशी ती सुटसुटीत रचना होती. पुढच्याच वर्षी मंजुरीच्या वादात वर्ग अडकले आणि थांबले. जो वर्ग एका योजनेच्या, एका नेत्याच्या नावावर चालतो, तो त्या नावाबरोबर बंदही पडतो. म्हणून वाडीत वर्ग सुरू व्हायचा असेल, तर तो ग्रामपंचायतीच्या वार्षिक आराखड्यात आणि आरोग्यकेंद्राच्या नोंदवहीत असला पाहिजे.

वर्ग कसा असावा

शहरासारखी मोठी उद्याने छोट्या गावांत नसतात. पण शाळेचे पटांगण असते, देवळापुढची मोकळी जागा असते आणि वाडीत तर घाटही आहे. गुरुवार, शनिवार-रविवार आणि पौर्णिमा हे इथले गर्दीचे दिवस. त्या दिवशी दुकानदाराला मान वर करायला सवड नसते. म्हणून सोमवार, मंगळवार, बुधवार आणि शुक्रवार असे चार दिवस, रोज ४५ मिनिटे धरली तरी आठवड्याची १८० मिनिटे होतात. एक वर्ग पहाटे, दुकाने उघडण्याआधी. दुसरा सायंकाळी पाचच्या सुमारास, शाळा सुटल्यावर आणि रात्रीचा स्वयंपाक सुरू होण्याआधी. हा स्त्रियांसाठी, शक्यतो स्त्री शिक्षिकेकडे. साडी नेसून करता येतील असेच व्यायाम ठेवावेत. वेगळा पोशाख लागला की निम्म्या बायका दारातूनच परत जातील.

पहिली दहा मिनिटे अंग मोकळे करणे, पुढे वीस मिनिटे भरभर चालणे किंवा जागच्या जागी पावले टाकणे, दहा मिनिटे स्नायूंची ताकद आणि शेवटी तोल सांभाळण्याचे व्यायाम, एवढा क्रम पुरे. ताकदीच्या व्यायामासाठी खुर्ची हे सर्वांत उपयोगी उपकरण आहे. हात न टेकता खुर्चीवरून उठणे-बसणे, पाण्याने भरलेल्या बाटल्या उचलणे, भिंतीला हात टेकून जोर काढणे, यातून दंड-मांड्या बळकट होतात. तोल सांभाळण्याच्या व्यायामाकडे सर्वाधिक दुर्लक्ष होते. अशा व्यायामांमुळे वृद्धांच्या पडण्याचे प्रमाण सुमारे एक चतुर्थांशाने घटते, हे अनेक चाचण्यांच्या एकत्रित विश्लेषणातून दिसले आहे. ओल्या पायऱ्यांच्या गावात ही गोष्ट मोलाची आहे. खुब्याचे हाड एकदा मोडले की अनेक वृद्ध पुन्हा पूर्वीसारखे चालत नाहीत.

प्रदक्षिणेबद्दलही एक गोष्ट सांगायला हवी. चालणे म्हणून प्रदक्षिणा उत्तमच. पण ती अनवाणी असते आणि उन्हाळ्यात फरशी तापते. दीर्घकाळ मधुमेह असलेल्या अनेकांच्या तळपायाची संवेदना कमी झालेली असते. चटका बसतो, फोड येतो, तरी कळत नाही. पुढे जखम चिघळते आणि प्रसंगी बोट किंवा पाऊल गमावण्याची वेळ येते. अशा व्यक्तींनी प्रदक्षिणा पहाटे, फरशी गार असताना घालाव्यात आणि घरी येऊन तळपाय डोळ्यांनी तपासावेत. व्यायामवर्ग मात्र पायात बूट किंवा बंद चप्पल घालता येईल अशा जागीच भरवावा. घाटावर घ्यायचा तर मंदिराच्या आवारापासून दूर, कोरड्या आणि सपाट भागात.

पावसाळ्याची सोय आधीच करावी लागेल. कृष्णेचे पाणी मंदिरात शिरले की वाडीत दक्षिणद्वार सोहळ्याची लगबग असते. पण २०१९ आणि २०२१ चा महापूर या गावाने आणि तालुक्याने सोसला आहे. पूर ओसरल्यावर घाटावर गाळ आणि निसरडे राहते. जून ते सप्टेंबर वर्ग शाळेच्या किंवा समाजमंदिराच्या सभागृहात न्यावा. चार महिने खंड पडला, तर लागलेली सवय दिवाळीपर्यंत टिकणार नाही.

सुरक्षिततेसाठी मोठ्या तपासण्यांची गरज नाही. चालताना छातीत दुखणे किंवा दाटून येणे, थोड्या श्रमाने धाप लागणे, चक्कर येणे, नुकताच झालेला हृदयविकाराचा झटका किंवा पायावरची जखम, यांपैकी काही असेल तर आधी डॉक्टरांना दाखवावे. इन्सुलिन घेणाऱ्यांनी आणि साखर झपकन उतरवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी उपाशीपोटी व्यायाम करू नये आणि जवळ साखर किंवा ग्लुकोज ठेवावे. वाडीत पेढाही चालेल. मात्र हे औषध आहे, रोजचा खाऊ नव्हे. बाकीच्यांनी हळू सुरुवात करून वेग वाढवत न्यावा.

पैसे आणि आक्षेप

खर्च किती येईल? उदाहरणादाखल शिक्षकाला एका वर्गाचे ३०० रुपये मानधन धरले, तर रोज दोन वर्ग, आठवड्याचे चार दिवस या हिशेबाने वर्षाचा खर्च सव्वा लाखाच्या आसपास जातो. ग्रामपंचायतीचा स्वनिधी, तीर्थक्षेत्री होणारी उलाढाल आणि दानशूर व्यक्ती यांचा विचार करता ही रक्कम आवाक्याबाहेरची नाही. आयुष्मान आरोग्य मंदिरांच्या कामात योगसत्रांचा समावेश आहेच. आशा कार्यकर्त्या तिशीवरील प्रत्येक व्यक्तीच्या आजाराच्या जोखमीचा अर्ज भरतात, म्हणजे वर्गाला कोणी यायला हवे, याची यादीही गावात आहे. ही यादी आणि तो वर्ग यांची गाठ मात्र कोणी घालून दिलेली नाही.

‘फुकट दिले की किंमत राहत नाही’ असा आक्षेप हमखास येतो. लसीकरण फुकटच आहे. त्याची किंमत कमी झालेली नाही. महिन्याला दोनशे रुपये फी ठेवली, तर दुकानदार ती सहज देईल; पण सुनेला ती घरात मागून घ्यावी लागेल आणि ती मागणार नाही. ज्याला सर्वाधिक गरज, तोच फीमुळे गळतो. ‘मोबाइलवर व्हिडिओ बघून घरीच करावे’ हा दुसरा सल्ला. ज्यांना जमते त्यांनी जरूर करावे. पण मोबाइल गुडघा चुकीचा वाकला तर टोकत नाही आणि तीन दिवस न आलेल्या बाईच्या दारात जाऊन ‘का गं, आली नाहीस?’ असे विचारत नाही.

वर्गाचे यश वजनकाट्यावर मोजू नये. व्यायामाने वजन फारसे न उतरताही साखर, रक्तदाब आणि ताकद सुधारते. काटा हलला नाही म्हणून माणसे निराश होऊन वर्ग सोडतात. त्याऐवजी ३० सेकंदांत हात न टेकता खुर्चीवरून किती वेळा उठता येते, हे पहिल्या दिवशी आणि तीन महिन्यांनी मोजावे. महिन्यातून एकदा आशाताई किंवा परिचारिकेने रक्तदाब नोंदवावा. सहा वेळा उठणारी बाई दहा वेळा उठू लागली की तिला कोणी आकडेवारी समजावून सांगावी लागत नाही.

गावाने शिक्षक दिला, की डॉक्टरांनाही आपली सवय बदलावी लागेल. ‘नियमित व्यायाम’ या दोन शब्दांच्या जागी केसपेपरवर लिहिता येईल : सोमवार, मंगळवार, बुधवार, शुक्रवार, सायंकाळी पाच, शाळेचे पटांगण, ४५ मिनिटे, बूट घालून जाणे, तीन महिन्यांनी दाखवणे. गोळी जशी लिहितात, तसेच हेही लिहिलेले असेल, आणि ते घेण्यासाठी रुग्णाला पटांगणापर्यंतच जावे लागेल.